शर्कतची तारीख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

११ नोव्हेंबरच्या आपल्या अंकात पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या सकाळवरचा लेख वाचला. कॉम्पिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचच्या सुमारास शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, अंमल मात्र अकरा वाजल्यापासून धरला, आणि मधले सहा तास तोफा चालूच राहिल्या, हे लेखकाने नीट मांडलं आहे. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची २,७३८ माणसं मेली. स्तने नावाच्या गावात शिपायांच्या आंघोळीची सोय होईल म्हणून अमेरिकेच्या ८९ व्या डिव्हिजनने त्याच सकाळी ते गाव घेतलं आणि त्यात तीनशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. हे वाचून मी पेपर खाली ठेवला. पुढे वाचवेना.

नंतर पुन्हा उचलला, तेव्हा शेवटच्या परिच्छेदात अडकलो. युद्ध थांबलं आणि कोकणातून गेलेले आपले जवान घरी परतले, अशा अर्थाचं एक वाक्य तिथे आहे. लेखकाचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण सगळे परतले नाहीत, आणि आपल्या माणसांची 'शेवटची सकाळ' फ्रान्समध्ये झालीच नाही. ती १३ दिवस आधी, आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी, तुर्कांशी लढताना, शर्कत नावाच्या ठिकाणी झाली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी खेड तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून घरी आलो. आता वय ७२. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ शर्कतला गेले. घरात अजून सगळे त्यांना 'बसरेवाले आबा' म्हणतात. मेसोपोटेमिया हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी बसलाच नाही. जो त्या मुलखात गेला तो बसऱ्याला गेला, एवढंच. भात पोटापुरतंही होत नव्हतं आणि पलटणीत महिना ११ रुपये मिळत होते. १९१७ साली भातकापणी उरकून ते निघाले. जगबुडीतून मचव्याने दाभोळ, दाभोळहून आगबोटीने मुंबई, आणि मुंबईहून थेट बसरा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पलटण ११४ मराठा.

आता ऑक्टोबर १९१८ मध्ये काय चाललं होतं ते बघा. तुर्कस्तानचा दोस्त बल्गेरिया, त्याने २९ सप्टेंबरला हात टेकले. १ ऑक्टोबरला तुर्कांच्या ताब्यातलं दमास्कस पडलं. इस्तंबूलचं सरकार बदललं आणि नव्या सरकारने तहाची बोलणी लावायची खटपट सुरू केली. निरोप घेऊन कुणाला पाठवलं, तर जनरल टाउनशेंडला. टायग्रिसकाठच्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात १४७ दिवस काढून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेला पुणे डिव्हिजनचा तोच सेनापती. त्याच्या हाताखाली १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी कूतमध्ये कैद झाल्या. ते शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, वाटेत तहानेने आणि रोगाने मेले. टाउनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. याच गृहस्थाने बाहेर येऊन तुर्कस्तान टेकीला आल्याची खबर इंग्रजांना पोचवली. म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला काही अंधारात राहिलेलं नव्हतं.

खरं तर त्याच्याही आधी माहीत होतं. मेसोपोटेमियातले सरसेनापती जनरल मार्शल यांना ऑक्टोबरच्या आरंभीच लंडनहून सूचना गेली होती की तुर्कस्तान लवकरच तह मागेल, त्याआधी टायग्रिसवरून जितकं वर सरकता येईल तितकं सरका. वर काय होतं? मोसूल. आणि मोसूलच्या मुलखात जमिनीखाली तेल असल्याचा बोलबाला होता. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश मंत्रिमंडळाचे सचिव हँकी यांनी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना लिहून कळवलं होतं की इराण आणि मेसोपोटेमियातलं तेल ताब्यात घेणं हे युद्धाचं पहिल्या प्रतीचं उद्दिष्ट मानलं पाहिजे. हे काही मी मनाचं सांगत नाही. त्यांच्याच दप्तरातली ही गोष्ट आहे.

मग जनरल कॉब यांची फौज निघाली. १७ वी आणि १८ वी अशा दोन इंडियन डिव्हिजन, बरोबर घोडदळाच्या दोन ब्रिगेड. तुर्की फौज फथाच्या खिंडीतून मागे सरकत शर्कतला येऊन थांबली. घोडदळाने वळसा घालून टायग्रिस ओलांडली आणि मोसूलचा रस्ता अडवला. शिपाई म्हणून मी कबूल करतो की ही चाल उत्तम होती. १७ वी डिव्हिजन उपाशीतापाशी चालत २८ तारखेच्या रात्री शर्कतसमोर आली आणि २९ तारखेला तिने हल्ला चढवला. ११४ मराठा त्यात होती. ३० तारखेला पहाटे तुर्की सेनापती इस्माईल हक्की बे ११ हजारांहून जास्त माणसांसह शरण आला. आपल्या बाजूला या मोहिमेत मेलेले आणि जखमी मिळून १,८८६.

त्याच ३० तारखेला लेम्नोस बेटाच्या मुद्रोस बंदरात 'अगामेम्नॉन' या युद्धनौकेवर इंग्रजांचे ॲडमिरल कॅल्थॉर्प आणि तुर्कस्तानचे रऊफ बे यांनी शस्त्रसंधीवर सह्या केल्या. अंमल ३१ तारखेच्या दुपारी बारापासून. बोलणी २७ तारखेपासून चालली होती. म्हणजे ११४ मराठाचे शिपाई उघड्या माळावर मशीनगनच्या तोंडी चालत होते, तेव्हा बोटीवर टेबलाशी कलमं वाचली जात होती.

आबा २९ तारखेला गेले.

मी बेळगावच्या सेंटरमध्ये रिक्रूट होतो तेव्हा शर्कतचं नाव अभिमानानेच ऐकलं. एकाच लढाईत ११४ मराठाला २८ शौर्यपदकं मिळाली. पुढे १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली, तेव्हा ११४ हीच प्रशिक्षण पलटण झाली, तिच्यातूनच आमचं सेंटर आलं. त्या अर्थाने मी आबांच्याच पलटणीत वाढलो. त्या वयात छाती फुगली होती, आजही फुगते. त्या माणसांच्या शौर्याबद्दल माझ्या मनात तिळभर किंतु नाही. माझा प्रश्न हुकूम देणाऱ्यांना आहे. ज्याला माहीत आहे की चार दिवसांत हे थांबणार आहे, त्याने ज्याला माहीत नाही त्याला पुढे पाठवलं. हा फरक मला फार मोठा वाटतो. लढाईत माहिती सगळ्यांना सारखी नसते हे मला समजतं, मीही सेक्शन घेऊन उभा राहिलो आहे. पण मी माझ्या पोरांना पुढे काढलं तेव्हा मला जेवढं ठाऊक होतं त्यातलं त्यांच्या जिवाशी संबंधित असलेलं काही मी दडवलं नव्हतं.

कुणी म्हणेल, सही होईपर्यंत शत्रू तो शत्रूच. बोलणी फिसकटली असती तर? तुर्की फौज शाबूत राहिली असती तर मोसूल हाती आलं नसतं. या म्हणण्यात तथ्य आहे, मी उडवून लावत नाही. पण मग मोसूल कसं हाती आलं तेही सांगावं लागेल. शस्त्रसंधी लागू झाला तेव्हा इंग्रजी फौज मोसूलच्या बाहेरच होती. मुद्रोसच्या सातव्या कलमात जोडलं होतं की दोस्तांच्या सुरक्षिततेला धोका वाटला तर कुठलंही मोक्याचं ठिकाण ताब्यात घेता येईल. त्या कलमाच्या जोरावर मार्शल साहेब पुढे गेले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तुर्की सेनापती अली इहसान पाशाला मोसूल सोडायला लावलं. लढाई झाली नाही. तरीही मोसूल कुणाचं हा वाद १९२६ पर्यंत चालला, राष्ट्रसंघापर्यंत गेला आणि शेवटी कागदावर मिटला. किर्कूकजवळ बाबा गुरगुरला तेल लागलं ते १९२७ साली. आबांना जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती.

आणखी एक सांगतो. या सगळ्यात मला ज्या निर्णयाबद्दल आदर वाटतो तो शत्रूचा आहे. इस्माईल हक्की बेच्या हातात ३० तारखेच्या पहाटे तोफा होत्या, माणसं होती. आणखी एक दिवस तो लढू शकला असता. तो लढला नाही. त्यामुळे त्याचे अकरा हजार वाचले, आणि आमच्याकडचेही किती वाचले असतील देव जाणे. आबांचे सोबती, जे नंतर घरी आले, ते त्यातलेच.

आता घरची गोष्ट. तो ऑक्टोबर कोकणातही भयंकर होता. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि वर मानमोडीची साथ आली होती. आज तिला स्पॅनिश फ्लू म्हणतात, पण जुनी माणसं मानमोडीच म्हणत. आमच्या घरातून आठ दिवसांत दोन माणसं उचलली. माझे पणजोबा आणि आबांची धाकटी बहीण. आबांची बायको, आमची थोरली आजी, तापातून उठली होती. मी तिला पाहिलं आहे. १९६८ साली ती गेली तेव्हा मी शाळेत होतो. ती फार बोलत नसे, पण ही एक हकिकत तिने मला आणि माझ्या बहिणीला चुलीपुढे बसून दोन-तीनदा सांगितली होती.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आली. घरात सुतक असल्याने गोडधोड काही नव्हतं. तरी पाडव्याला तिने ओटीवर कुणाला न सांगता पाट मांडला, त्यावर आबांचं जुनं पागोटं ठेवलं आणि निरांजन ओवाळलं. सुतकात असं करू नये हे तिला ठाऊक होतं. पण बसऱ्याचा माणूस आहे, त्याला सुतक कसलं, असं तिला वाटलं. त्याला जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. मग गावात दवंडी झाली की सरकार जिंकलं, शाळेत पोरांना साखर वाटली. माझ्या आजोबांनी ती साखर पानात बांधून वहिनीसाठी घरी आणली. दोन महिने ती कुंकू लावून वाट बघत होती. पौषात डेपोतून इंग्रजी कागद आला, सोबत मोडीतली चिठ्ठी. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली. तिने मास्तरांना तारीख पुन्हा वाचायला लावली. मग बोटांवर मोजलं आणि विचारलं, "म्हणजे मी ओवाळलं तेव्हा तो नव्हता?" मास्तर काहीच बोलले नाहीत.

पुढे एक कांस्याची थाळी आली. चहाच्या बशीएवढी, वजनाला जड. एका बाजूला सिंह आणि हातात पानांचं पुष्पचक्र धरलेली ब्रिटानिया, कडेने इंग्रजी अक्षरं: तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला. उजवीकडे चौकटीत आबांचं नाव उठावात. हुद्दा नाही. साहेब असो वा शिपाई, मेल्यावर सगळे सारखे, म्हणून त्या थाळीवर हुद्दा घातलाच नव्हता. ही एक गोष्ट त्यांनी चांगली केली असं मला वाटतं. आजीला वाचता येत नसे. ती चौकटीवरून अंगठा फिरवायची. आज ती थाळी माझ्याकडे आहे आणि नेमकी तेवढीच जागा गुळगुळीत झाली आहे. बाकी अक्षरं ठळक आहेत, नावाची मात्र उजेडात तिरकी धरून वाचावी लागतात. 'स्वातंत्र्यासाठी' हा शब्द इंग्रजांनी आमच्या घरी १९२० च्या सुमारास पाठवला, आणि मोसूलच्या तेलावरचा हँकी साहेबांचा कागद मात्र दप्तरात ठेवला. हे मला आजही सहन होत नाही.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. इंग्रज शिपायाचं नाव तिथे दगडात कोरलं. हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांच्या बाबतीत पलटणीचं नाव लिहून पुढे आकडा टाकला. थाळीवर सारखे, दगडावर नाहीत. ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्ध-दफनभूमी आयोगाने अहवाल काढून कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना असं असमान वागवलं गेलं आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावं कोरलीच गेली नाहीत. त्यांनी माफी मागितली, हे योग्य झालं. ती शंभर वर्षांनी आली. थोरली आजी त्याआधी ५३ वर्षं गेली होती.

इथे मराठा पलटणीतल्या, माणगावच्या यशवंत घाडगे यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशीनगनची चौकी घेतली आणि तिथेच गोळी लागून पडले. देह मिळाला नाही. पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे, माणगावला तहसील कचेरीपाशी पुतळा आहे. दुसऱ्या युद्धात नावं कोरली गेली, तेवढी सुधारणा झाली होती. त्याच इटलीत ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी जखमींना खांद्यावर घेऊन सुरुंगांच्या पट्ट्यातून माघारी आणलं आणि मग शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथली जर्मन फौज त्यानंतर अवघ्या २३ दिवसांनी, २ मे रोजी शरण आली. स्वित्झर्लंडमध्ये गुप्त बोलणी तर मार्चपासूनच चालली होती. मग तेही शर्कतसारखंच का? मी पुष्कळ विचार केला, आणि माझं मत नाही असं आहे. तिथे जर्मन सेनापती पो नदीमागे हटायची परवानगी मागत होता आणि हिटलर ती नाकारत होता. छळछावण्या चालू होत्या, उत्तर इटलीवर त्यांचा अंमल होता. एक-एक दिवस थांबण्याची किंमत तिथे दुसरी माणसं मोजत होती. शर्कतला थांबले असते तर कोण मेलं असतं? मला तरी कुणी दिसत नाही. युद्ध संपत आलं असताना दिलेल्या प्रत्येक हुकमाला हा एक प्रश्न विचारला पाहिजे, इतकंच माझं म्हणणं आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून २३ माणसं गेली, त्यांपैकी ४ मरण पावली, असा मजकूर इंग्रजीत आणि मराठीत आहे. अशा पाट्या कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांत आहेत. त्यांवरही नावं नाहीत, आकडेच. तीन वर्षांपूर्वी शाळेला रंग लावताना कामगारांनी भिंतीसकट पाटीवरही निळा ऑइलपेंट फासला. त्यांना काय माहीत? मी आणि गावातली दोन पोरं थिनर आणि नारळाचं सोडण घेऊन दोन दिवस घासत बसलो. आकडे वर आले. '४' च्या आकड्यात अजून निळा रंग राहिला आहे, तो सुईने काढावा लागेल.

घासताना त्या पोरांपैकी एकाने विचारलं, "आजोबा, हे चार कोण?" आणि मला चारही नावं सांगता आली नाहीत. याची मला फार लाज वाटली. तेव्हापासून शोध घेतो आहे. एक आमच्या घरचे. दुसरा बौद्धवाडीतल्या घरातला, मजूर दळात बसऱ्याला गेलेला. त्याच्या नातसुनेने पेन्शनचा फाटका कागद जपून ठेवला आहे. तिसरा मोहल्ल्यातला, मराठा पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांची कंपनी असे, तो त्यातला. त्याच्या घरी पदक आहे आणि पदकाच्या कडेवर नंबर व पलटण कोरलेली आहे. चौथा अजून सापडलेला नाही.

म्हणून आपल्या पेपरच्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. मुंबई-ठाण्यातले चाकरमानी गणपतीला, शिमग्याला घरी येतात. या वेळी माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी उतरवून बघावी. जड गोल थाळी असेल, कडेवर अक्षरं असलेलं रुपेरी पदक असेल, इंग्रजी शिक्क्याचा कागद असेल. भंगारवाल्याला देऊ नका. नाव, नंबर, पलटण आणि तारीख वहीत उतरवून घ्या. संपादकांना विनंती की आलेली नावं दरवर्षी ३० ऑक्टोबरच्या अंकात छापावीत, गावाच्या नावासह. सारी जमवाजमव करायला मी तयार आहे, पोस्टाचा खर्चही माझा.

आमच्या चौथ्याबद्दल एवढंच कळलं आहे: तो गावच्या वरच्या वाडीतला होता, त्याला भाऊ नव्हता, आणि त्याची आई नंतर मुलीकडे दापोली तालुक्यात राहायला गेली. त्या मुलीच्या वंशातलं कुणी हे वाचत असेल तर कृपया कळवावं.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री
तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी